गिझाच्या वाळवंटात क्वाड बाइक: मशीन, वाट आणि वेळ कशी निवडावी

प्रश्न असा आहे: डिसेंबरमध्ये कैरोला जायचं आहे. सोबत सत्तरीतले आईवडील आणि तेरा वर्षांची मुलगी. घरी सगळ्यांना स्कूटर चालवायची सवय आहे, क्वाड, म्हणजे रुंद टायरची चारचाकी बाइक, मात्र कोणी चालवलेली नाही. पिरॅमिडपर्यंत बाइक जाते का, मुलीला चालवू द्यावी का, आणि चांगला टूरवाला ओळखायचा कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. बाइक पिरॅमिडपर्यंत जात नाही, आणि जाऊही नये. खुफू, खाफ्रे आणि मेनकाउरे यांचे पिरॅमिड, स्फिंक्स आणि आजूबाजूची थडगी हा सगळा भाग कुंपणाच्या आत आहे. तिथे तिकीट काढून पायी किंवा आतल्या इलेक्ट्रिक बसने फिरायचं. क्वाडच्या फेऱ्या होतात त्या कुंपणाबाहेर, पठाराच्या दक्षिणेकडच्या उघड्या वाळवंटात. तिथल्या उंचवट्यावरून तीन मोठे आणि राण्यांचे सहा छोटे असे नऊ पिरॅमिड एका नजरेत दिसतात, आणि राइडची खरी मजा या देखाव्यात आहे. ‘बाइकवर बसून पिरॅमिडच्या पायथ्याशी फोटो काढून देतो’ असं कोणी म्हणालं तर तो एक तर थाप मारतोय किंवा तुम्हाला घेऊन नियम मोडणार आहे. तिथेच बोलणं थांबवा.

म्हणजे एका दिवसात दोन वेगळ्या गोष्टी बसवायच्या. सकाळी लवकर फयूम रस्त्याकडच्या नव्या प्रवेशद्वारातून आत जाऊन पिरॅमिड पाहा, दुपारी जेवून विश्रांती घ्या, आणि उन्हं कलायला लागली की क्वाड. उलट क्रम लावलात तर धुळीने माखून, हात भरून आलेल्या अवस्थेत पिरॅमिडच्या आतल्या अरुंद चढणीवर वाकून चालावं लागेल.

आता वाटेबद्दल, कारण चांगला टूरवाला इथेच ओळखू येतो. गिझाच्या दक्षिणेला दिसणारं वाळवंट रिकामं नाही. १९९० साली स्फिंक्सच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यातून पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी उजेडात आली. साडेचार हजार वर्षांपूर्वीची थडगी वरवरच्या वाळूखाली होती आणि त्यावरून रोज माणसं, जनावरं जात होती. जवळच ‘हीत अल-घुराब’ या भल्यामोठ्या दगडी भिंतीपलीकडे त्या कामगारांच्या वस्तीचंही उत्खनन झालं आहे. युनेस्कोने १९७९ साली जागतिक वारशात घेतलेला पट्टा गिझापासून थेट दहशूरपर्यंत जातो. तेव्हा वाळूचा एखादा गुळगुळीत उंचवटा दिसला, म्हणून त्यावर बाइक चढवायची नाही. खाली काय आहे हे वरून कळत नाही. दीडदोनशे किलोची बाइक आणि तिची गरगरणारी चाकं एका फेरीत जे उखडतात ते परत जागेवर येत नाही.

दुसरं कारण जमिनीचं. इथे सिनेमातल्यासारखे वाळूचे डोंगर फारसे नाहीत. चुनखडीचं कठीण पठार, त्यावर वाळूचा कमीजास्त थर आणि अनेक ठिकाणी बारीक खडीची एक घट्ट कवचासारखी पातळी आहे. वाऱ्याने मऊ वाळू उडून जाऊन जड खडे वर राहतात, त्यातून ही पातळी शतकानुशतकं तयार होते. ती एकदा फुटली की खालची धूळ मोकळी होते आणि चाकोरी अनेक दशकं तशीच राहते. इजिप्तच्या पश्चिमी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. म्हणून नियम एकच: गाइडच्या चाकोरीत चाक. बाजूला, समांतर, ‘जरा मोकळं दिसतंय म्हणून’ असं काहीही नाही.

थांबलात की खाली वाकून एक गोष्ट मात्र नक्की पाहा. चुनखडीत मसुराच्या डाळीएवढ्या ते नाण्याएवढ्या चपट्या चकत्या दिसतात, फुटलेल्या चकतीत आत बारीक गोल-गोल वळणं असतात. हे न्युम्युलाइट, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांचे जीवाश्म. यांच्या एका जातीचं शास्त्रीय नावच गिझावरून पडलं आहे. ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्राबो इथे आला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं होतं, की कामगारांच्या जेवणातले उरलेले मसूर दगड होऊन पडले आहेत. पिरॅमिडचे बहुतेक दगड याच चुनखडीचे आहेत. हात लावून बघा, फोटो काढा, खिशात मात्र घालू नका. विमानतळावर दगड सापडले तर ते साधे खडे होते की पुरावस्तू, हे पटवत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

वाटेबद्दल टूरवाल्याला दोन प्रश्न विचारा: ‘कुठून निघणार आणि कुठे वळणार?’ आणि ‘सक्काराकडे नेणार का?’ एक तासाच्या फेरीत सक्कारा, म्हणजे पायऱ्यांच्या पिरॅमिडचं ठिकाण, होत नाही, ते इथून दहा-पंधरा किलोमीटर दक्षिणेला आहे आणि मधला झावियत अल-अर्यानचा भाग लष्करी हद्दीत येतो. नवशिक्यांना एका तासात सगळं दाखवतो म्हणणारा माणूस वाटेचा विचार करत नाही. नकाशावर बोट ठेवून ‘इथून निघू, या उंचवट्यावर वीस मिनिटं थांबू, याच वाटेने परत’ असं सांगणारा घ्या. मागे एक माणूस राहणार का हेही विचारा. पुढे गाइड, मागे त्याचा साथीदार, मध्ये जास्तीत जास्त सहा बाइक, हे प्रमाण नवशिक्यांसाठी योग्य आहे. एकच गाइड आणि मागे बारा पर्यटक असतील तर शेवटची बाइक बंद पडल्याचं पहिल्याला दहा मिनिटांनी कळतं.

मशीन निवडताना ती किती नवी आणि चकचकीत आहे ते बघू नका. नवशिक्याला १५० ते २५० सीसीची, गिअर बदलावे न लागणारी बाइक पुरते. जास्त ताकदीची मागूच नका. बसायच्या आधी तीन मिनिटं स्वतः तपासा, गाइड घाई करत असला तरी.

सगळ्यात आधी रेस. क्वाडची रेस उजव्या मुठीजवळच्या एका छोट्या लिव्हरने, अंगठ्याने दाबून द्यायची असते. इंजिन बंद असताना तो लिव्हर पूर्ण दाबा आणि एकदम सोडा. ‘टक्’ असा आवाज करत तो झटक्यात मागे आला पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवून तेच करा, मग पूर्ण उजवीकडे. केबलच्या नळीत वाळूची पूड गेली असेल किंवा केबल कुठे दाबली जात असेल तर लिव्हर रेंगाळत, अर्ध्यावर थांबत मागे येतो. अशी बाइक वळणावर स्वतःहून पुढे पळते. ती घेऊ नका, ‘चालतं, चालतं’ म्हणाले तरी. त्याच लिव्हरच्या खोक्यावर एक छोटा स्क्रू असतो. तो आत पिळला की लिव्हर कमी दाबला जातो आणि वेग मर्यादेत राहतो. नवशिक्याच्या बाइकचा हा स्क्रू आवळून द्यायला सांगा. बहुतेक पर्यटकांना तो माहीतच नसतो, त्यामुळे कोणी मागत नाही.

मग ब्रेक. दोन्ही लिव्हर दाबून बाइक ढकलून बघा, चाक हललं नाही पाहिजे. लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबला जात असेल तर ब्रेक सैल आहे. किल स्विच चालू इंजिनवर दाबून इंजिन बंद होतं का ते बघा. (बाइक सुरूच होत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा हा लाल स्विचच ‘बंद’वर असतो, किंवा ब्रेक न दाबता स्टार्टर दाबलेला असतो.) मनगटाला बांधायची दोरी असेल तर ती बांधा, पडलात तर इंजिन आपोआप बंद होतं. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड लागली तर सांधे झिजले आहेत. टायर हाताने दाबून बघा. स्कूटरच्या टायरमध्ये २२ ते ३६ पीएसआय हवा असते, क्वाडच्या रुंद टायरमध्ये वाळूवर ३ ते ५ पुरते. जास्त भरलेला टायर वाळूत रुततो आणि दगडावर उसळतो. अगदीच कमी असेल तर वळणावर टायरची कड रिमवरून सुटते. चारही टायर साधारण सारखे दबले पाहिजेत. एका बाजूचा मऊ असेल तर बाइक सतत तिकडे ओढते.

निघण्यापूर्वी बाइकचा चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. परत आल्यावर ‘हे प्लास्टिक तुम्ही फोडलंत’ असा वाद झाला तर तोच कामी येतो.

आता चालवण्याबद्दल. स्कूटरची सवय इथे मदतीपेक्षा अडचणच जास्त करते, आणि आपल्याकडच्या पर्यटकांच्या बाबतीत हेच सगळ्यात जास्त घडतं. तीन सवयी जाणीवपूर्वक सोडाव्या लागतात.

पहिली, थांबताना पाय खाली टेकवणं. ॲक्टिव्हावर तो आपोआप जातो. क्वाडला चार चाकं आहेत, ती पडत नाही, आणि खाली टेकलेला पाय मागच्या चाकाच्या वाटेत येतो. चाक पोटरीवर किंवा टाचेवर चढतं. पर्यटकांना होणाऱ्या दुखापतींत हा प्रकार नेहमीचा आहे. बाइक कलंडतेय असं वाटलं तरी पाय फूटरेस्टवरच ठेवा आणि शरीर विरुद्ध बाजूला न्या.

दुसरी, घाबरल्यावर मूठ आवळणं. स्कूटरवर रेस मनगटाने पिळायची असते, तेव्हा गच्च धरलेली मूठ तेवढी घातक नसते. क्वाडवर मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो. खड्ड्यात आदळलात, दचकलात, गच्च धरलंत, की बाइक जोरात पुढे. उपाय सोपा आहे: खड्डा दिसला की अंगठा मुठीच्या खाली वळवून घ्यायचा. मोकळ्या जागेत पाच-सात वेळा मुद्दाम करून बघा. दहा मिनिटं राइड झाल्यावर अंगठा दुखायला लागतो, तेव्हा लिव्हर अंगठ्याच्या तळव्याजवळच्या भागाने दाबायचा, म्हणजे टोकाला ताण येत नाही.

तिसरी, वळताना बाइक झुकवण्याची अपेक्षा. क्वाड झुकत नाही, आपण झुकायचं. छोट्या क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर असतात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण ॲक्सल त्याला तेवढंच फिरवतो, म्हणून बाइक सरळच जाऊ बघते. उपाय असा की वळणाआधी वेग कमी करायचा, छाती वळणाच्या आतल्या बाजूला न्यायची आणि भार बाहेरच्या फूटरेस्टवर टाकायचा. आतलं चाक हलकं होऊन थोडं घसरतं आणि बाइक वळते. सीटवर ताठ बसून नुसतं हँडल फिरवलंत तर एक तर ती वळत नाही, किंवा अचानक वळून बाहेरच्या बाजूला उलटते.

मऊ वाळूत वेग एकदम सोडला की बाइक बसते, म्हणून सावकाश पण सलग रेस द्यायची आणि शरीर थोडं मागे ठेवायचं. रुतलीच तर रेस वाढवू नका. चाक जागेवर फिरून स्वतःसाठी खड्डा खणतं आणि दोन मिनिटांत मागचा भाग वाळूला टेकतो. उतरा, हात वर करून गाइडला खूण करा, चाकांपुढची वाळू हाताने बाजूला सारा, आणि दोघांनी मागून उचलत हलकेच पुढे काढा. बहुतेक वेळा याहून जास्त काही लागत नाही.

चढ समोरून सरळ चढायचा, अंग पुढे, फूटरेस्टवर थोडं उभं राहून. अर्ध्यावर जोर संपला तर तिथे वळायचा प्रयत्न करू नका, आडवी झालेली बाइक गडगडते. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि मदतीची वाट बघा. माथ्यावर पोहोचण्याआधी वेग कमी करा. वाळूची वाऱ्याआडची बाजू ३० ते ३४ अंशांची असू शकते आणि ती अगदी कडेला येईपर्यंत दिसत नाही. उतरताना रेस अगदी शून्य करू नका. बेल्टवर चालणाऱ्या बाइकमध्ये इंजिनाचा वेग फार कमी झाला की क्लच सुटतो, इंजिनाची पकड जाते आणि बाइक मोकळी धावते. किंचित रेस आणि मागचा ब्रेक हलकेच, हे उतारावरचं प्रमाण.

रांगेत पुढच्या बाइकपासून १० ते १५ मीटर, धूळ असेल तर दुप्पट. धुळीत पुढचा दिसेनासा झाला तर हळू व्हा, त्याला गाठायला जाऊ नका. गाइड ‘यल्ला’ म्हणत घाई करू लागला तर ‘शुवय्या, शुवय्या’ म्हणा, म्हणजे हळूहळू, त्याला लगेच समजतं.

मुलीबद्दल स्पष्टच: तिने चालवू नये. प्रौढांच्या क्वाडवर उत्पादकच इशाऱ्याचं स्टिकर लावतात, ते फेंडरवर किंवा टाकीजवळ सापडतं. त्यात १६ वर्षांखालील मुलांनी चालवू नये असं लिहिलेलं असतं. एका माणसाच्या बाइकवर ‘मागे कोणालाही बसवू नका’ हेही असतं. भाड्याच्या बाइकवर ते खरवडून गेलेलं असलं तरी मशीन तेच आहे. इथे कोणी वय विचारत नाही, लायसन्स मागत नाही, त्यामुळे निर्णय आईवडिलांनाच घ्यावा लागतो. तिला न्यायचंच असेल तर दोन माणसांसाठीच बनवलेली बाइक घ्या: लांब सीट, मागे पाठ टेकायला आधार, वेगळे फूटरेस्ट आणि धरायला दांडे. तिचे पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर नको. त्याहून बरा पर्याय बग्गीचा: स्टिअरिंग, सीट बेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली. त्यात ती तुमच्या शेजारी बसेल, पण बेल्ट बसतो का आणि पाय बग्गीच्या तळाला टेकतात का ते बघूनच.

आईवडिलांना क्वाडवर बसवू नका. या वयात मणक्याला बसणारे उभे धक्के नकोत, आणि उंटाचे उठता-बसतानाचे हिसकेही काही कमी नसतात. सकाळी इलेक्ट्रिक बसने त्यांचं पिरॅमिड बघणं आरामात होतं. तुम्ही राइडला जाल तेव्हा त्यांना नझलेत अल-सम्मान या वस्तीतल्या, स्फिंक्ससमोरच्या एखाद्या गच्चीवरच्या कॅफेत बसवा. लिफ्ट आहे का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी नसते.

वेळ. डिसेंबरात कैरोला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. सव्वातीन, साडेतीनला निघा म्हणजे अंधाराआधी परत याल. अंधारातली राइड सुंदर म्हणून विकतात, पण छोट्या क्वाडच्या दिव्यात खड्ड्याची सावली कळत नाही, ती नकोच. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: डिसेंबरात सूर्य नैऋत्येला मावळतो, त्यामुळे दक्षिणेकडून बघताना प्रकाश तुमच्या मागून-डावीकडून येतो आणि पिरॅमिडच्या दगडांवर पडतो. जूनमध्ये तो वायव्येला मावळतो आणि त्याच जागेवरून पिरॅमिड काळ्या आकृत्यांसारखे दिसतात. मधला, टोकावर जुन्या गुळगुळीत आवरणाचा तुकडा शिल्लक असलेला खाफ्रेचा पिरॅमिड सगळ्यात उंच वाटेल. तो उंच जागेवर आहे म्हणून, खुफूचाच मोठा. मार्च ते मेमध्ये येणाऱ्यांनी खमसिनचे धुळीचे वारे लक्षात ठेवावेत. आकाश पिवळट झालं की राइड रद्द.

कपडे: पूर्ण बोटं झाकणारे बूट, लांब पँट, लांब बाह्या, हातमोजे, धुळीचा गॉगल. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल भारतातूनच घेऊन जा. ओढणी, लोंबती शाल, सैल साडी अजिबात नको, ती मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाते. नाकातोंडावरचा रुमाल मानेमागे गाठ मारून टोकं जॅकेटच्या आत खोचा. लांब केस बांधून आत. हेल्मेट प्रत्येकाला, पट्टा लागणारं, आणि डोकं हलवल्यावर न फिरणारं. हेल्मेटऐवजी फक्त डोक्याला रंगीत कापड बांधून फोटोसाठी तयार करणाऱ्याकडे राइड घेऊ नका, बाकी सगळं चांगलं असलं तरी. भाड्याच्या हेल्मेटमध्ये घालायला पातळ सुती टोपी ठेवा. थंडीतही माणशी अर्धा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात तासाला एक लिटर.

पैसे आधी ठरवा आणि कागदावर चलनासकट लिहून घ्या: इजिप्शियन पाउंड की डॉलर, दर माणशी की दर बाइक, किती मिनिटं, हेल्मेट, गाइड आणि हॉटेलवरून ने-आण धरून का. नुसतं ‘पाउंड’ म्हणालात तर नंतर ब्रिटिश पाउंड होता असं सांगणारे भेटतात. गाइडला बक्षीस द्यायचं तर राइड संपल्यावर द्या. वाळवंटात मध्येच थांबवून मागितलं तर शांतपणे ‘परत गेल्यावर’ म्हणा. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय इजिप्तमध्ये आणताच येत नाही आणि विमानतळावरच काढून घेतात. फोनमध्ये दोन नंबर ठेवा: रुग्णवाहिका १२३, पर्यटन पोलिस १२६.

विम्याचं काम भारतातून निघण्यापूर्वी करा. अनेक प्रवास विमा पॉलिसींत क्वाड बाइक ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली असते, किंवा हेल्मेट आणि वैध लायसन्सची अट असते. ग्रुप टूरसोबत जात असाल तर ही राइड बहुतेक ऐच्छिक म्हणून बाहेर ठेवलेली असते आणि टूर कंपनीचा विमा तिला लागू होत नाही. पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा, तिथे स्पष्ट नसेल तर विमा कंपनीला ई-मेलवर विचारा: ‘गिझात गाइडसोबत क्वाड बाइक चालवताना किंवा मागे बसून दुखापत झाली तर खर्च मिळेल का?’ मागे बसणाऱ्याचा उल्लेख मुलीसाठी हवा. उत्तर लेखीच घ्या.